धरणीची हिरवी चोळी

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हंगामाच्या दिवसांत सकाळी पाऊल टाकले की सारे जग पिवळे दिसते. कांडीचे ढीग, गोळ्याचे ढीग, हमालांचे खांदे, मापाऱ्याची वही, आडत्याच्या गादीवरची चादर, सगळ्यावर एकच पिवळी छटा चढलेली असते. परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची ओळखच आता हळदीने सांगितली जाते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. अशा गावी हिरव्या रंगाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु ज्या कापडदुकानदाराने जुन्या रंगाऱ्यांचे काम पाहिले असेल, त्याला ही विसंगती वाटणार नाही. कारण आपल्याकडे कापडावरचा हिरवा रंग शतकानुशतके हळदीच्या पोटातूनच निघत आला आहे.

वनस्पतीसृष्टी हिरवीगार असूनही पानांच्या रसाने कापडाला टिकाऊ हिरवा रंग चढत नाही. म्हणून रंगारी दोन पायऱ्यांनी तो घडवीत. आधी कापड निळीच्या पिंपात बुडवायचे. बाहेर काढताना ते पिवळट हिरवे दिसते आणि वारा लागताच पाहता पाहता निळे होते. ते वाळले की त्यावर हळदीचा, काही ठिकाणी डाळिंबाच्या सालीचा, पिवळा हात द्यायचा. निळ्यावर पिवळे बसले की हिरवे उमटते. मात्र हळदीचा रंग उन्हाला भितो. लुगडे उन्हात वाळत राहिले की पिवळे उडते आणि हिरव्याचे निळसर होऊ लागते. मुलीला ‘हिरवे लुगडे सावलीत वाळव’ असे आवर्जून सांगावे लागे, त्याचे कारण हे होते.

आगमातील पाच वर्ण

जैन आगमांत वर्ण पाच सांगितले आहेत : कृष्ण, नील, लोहित, हारिद्र आणि शुक्ल. या यादीत दोन गोष्टी लक्ष वेधतात. पिवळ्याला दिलेले नाव हळदीवरून आले आहे. हारिद्र म्हणजे हळदीचा. आणि हिरव्याला स्वतंत्र स्थानच नाही. मग हिरवा गेला कुठे?

याचे उत्तर राजप्रश्नीय सूत्रात मिळते. सूर्याभ देवाच्या विमानाचे त्यात आलेले वर्णन हा आपल्या कथासाहित्यातील गृहसजावटीचा एक अप्रतिम नमुना आहे. त्या विमानाची भूमी पाच वर्णांच्या रत्नांनी जडवलेली आहे आणि एकेका वर्णासाठी उपमांची रांग लावली आहे. नील रत्ने कशासारखी, तर भुंग्यासारखी, पोपटासारखी, पोपटाच्या पिसासारखी, चाष पक्ष्याच्या पंखासारखी, निळीसारखी. पोपट आणि नीळ एकाच ओळीत! म्हणजे ‘नील’ या एका शब्दात निळा आणि हिरवा दोन्ही सामावलेले होते. हे ध्यानात घेतले की एक जुना गोंधळही सुटतो. भगवान पार्श्वनाथांचा वर्ण दिगंबर परंपरेत हरित सांगतात, तर श्वेतांबर परंपरेत नील. हे वेगळेपण डोळ्याला दिसते तेवढे मोठे नाही. आवश्यक निर्युक्तीत तर पार्श्वनाथ आणि मल्लिनाथ दोघांची कांती प्रियंगूसारखी, म्हणजे काळसर हिरवट, म्हटली आहे. दिगंबर परंपरेत मल्लिनाथ सुवर्णवर्णी आहेत.

पुढे पंचपरमेष्ठींच्या ध्यानात आणि १९७४ साली, वीर निर्वाणाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्ताने, सर्व संप्रदायांनी स्वीकारलेल्या पंचरंगी ध्वजात हिरव्याला आपले स्थान मिळाले. तो उपाध्यायांचा रंग झाला. अरिहंत श्वेत, सिद्ध रक्त, आचार्य पीत, आणि शिकवणारे उपाध्याय हरित.

राणीचे डोहाळे

कथेतल्या वस्त्रांत हिरवा कसा येतो, हे पाहायचे तर ज्ञाताधर्मकथेचे पहिले अध्ययन उघडावे. राजगृहाच्या श्रेणिक राजाची राणी धारिणी गर्भवती आहे. तिला डोहाळा लागतो तो आंबटगोडाचा नाही, दागिन्यांचा नाही. तिला अवेळी पावसाळा हवा असतो. पाच वर्णांचे मेघ दाटावेत, सरी कोसळाव्यात, हत्तीवर बसून वैभार पर्वताच्या पायथ्याशी हिंडावे, असे तिला वाटते. या वर्णनात एक लहानशी उपमा आहे. पावसाने तृप्त झालेल्या पृथ्वीने हिरव्या तृणांची कंचुकी घातली आहे, असे कथाकार म्हणतो. कंचुकी म्हणजे चोळी. राणीच्या अंगावर कोणते वस्त्र आहे, यापेक्षा धरणीच्या अंगावर कोणते आहे, हे तिला पाहायचे आहे.

इच्छा पुरी होत नाही म्हणून राणी झुरते. राजा चिंतातूर होतो. शेवटी अभयकुमार पौषधशाळेत तीन उपवासांचे तप करून आपल्या देवमित्राचे स्मरण करतो आणि अकाली मेघ दाटून येतात. पुढे जन्मलेल्या पुत्राचे नाव म्हणूनच मेघकुमार ठेवले जाते.

महाराष्ट्रातील डोहाळजेवणात गर्भवतीला हिरवे लुगडे नेसवतात, हातात हिरव्या बांगड्या भरतात, ओटी भरतात. मारवाड आणि गुजरातेतून पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी मराठवाड्यात आलेल्या जैन घरांत लग्नाचा मान लाल रंगाला असतो. पण इथे स्थिरावताना अनेक घरांनी गोदभराईबरोबर हे हिरवे डोहाळजेवणही आपले म्हणून स्वीकारले. शेतातले पीक पोटरीला येते आणि घरातली सून आई होणार असते, या दोन घटनांना मराठी मनाने एकाच रंगाने बांधले आहे. धारिणीच्या कथेतले आणि माजघरातल्या झोपाळ्यावरचे हिरवे असे एकमेकांच्या जवळ येते.

शिरड शहापूरची आठवण

औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर येथे मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. जिल्ह्यातील जैन कुटुंबांची पावले वर्षातून एकदा तरी तिकडे वळतात. मल्लिनाथांच्या चरित्राबाबत दोन्ही परंपरा भिन्न आहेत. दिगंबर परंपरेत ते राजकुमार आहेत. श्वेतांबर आगमांत, ज्ञाताधर्मकथेच्या आठव्या अध्ययनात, त्या मिथिलेच्या कुंभ राजाची आणि प्रभावती राणीची कन्या मल्ली आहेत. श्रद्धेचा भेद आपल्या जागी ठेवून ती कथा केवळ घर आणि वस्त्रालंकार यांच्या दृष्टीने वाचली तरी थक्क व्हायला होते.

या कथेत प्रभावती राणीचे डोहाळे फुलांचे आहेत. पुढे चंपा नगरीचा श्रावक व्यापारी अर्हन्नक येतो. समुद्रात जहाज बुडण्याची भीती समोर असतानाही तो धर्मापासून ढळत नाही आणि प्रसन्न झालेला देव त्याला दिव्य कुंडलांच्या दोन जोड्या देतो. त्यांतली एक तो कुंभ राजाला नजर करतो आणि ती मल्लीच्या कानांत येते. नंतर मल्लीच्या भावाची चित्रशाळा येते. तिथला चित्रकार पडद्याआडून दिसलेल्या अंगठ्यावरून मल्लीचे संपूर्ण चित्र रेखाटतो आणि त्या कौशल्याची जबर शिक्षा भोगतो. शेवटी मल्लीने मुद्दाम बांधवून घेतलेले घर येते. मधोमध जाळीदार दालन, त्यात तिची हुबेहूब सुवर्णप्रतिमा, भोवती सहा खोल्या. प्रतिमा आतून पोकळ, डोक्यावर कमळाचे झाकण, आत रोज टाकलेला एकेक घास. सहा राजे तिच्या रूपावर मोहित होऊन येतात, प्रतिमेकडे टक लावतात, आणि झाकण उघडताच दुर्गंधीने तोंड फिरवतात. सोन्याच्या मूर्तीत अन्न कुजते तर या देहाचे काय, हा मल्लीचा प्रश्न त्यांना वैराग्याकडे नेतो.

आपल्या जुन्या कथाकारांची रीत इथे स्पष्ट दिसते. रत्नांची भूमी, कुंडले, चित्रशाळा, सुवर्णप्रतिमा, यांचे वर्णन ते हात राखून करीत नाहीत. वैभव पुरेपूर दाखवतात. मगच त्याचे झाकण उघडतात.

मराठी कथेतील हिरवा

आधुनिक मराठी कथाकारांनाही या रंगाची ओढ राहिली आहे. वि. स. खांडेकरांची ‘हिरवा चाफा’ ही कादंबरी १९३८ ची. हिरवा चाफा पानांत लपतो, डोळ्यांना सापडत नाही, वासाने सापडतो. हे नाव वाचताच मराठी वाचकाच्या मनात एक लपलेली, सुगंधी व्यथा उभी राहते. परभणी जिल्ह्यात, सातोना येथे, १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ हे तर याच मातीचे कथाकार. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. त्यांच्या १९४३ च्या कादंबरीचे नाव ‘हिरवे गुलाब’. जी. ए. कुलकर्णींचा ‘हिरवे रावे’ हा कथासंग्रह १९६२ चा. त्यांच्या संग्रहांच्या नावांत निळा, पारवा, रक्तचंदन, काजळ असे रंगच रंग आहेत.

मराठीने या रंगाला किती नावे द्यावीत! पोपटी, शेवाळी, मोरपंखी, पिस्तई, पाचूसारखा, मेंदीसारखा. आणि गडदपणा सांगायचा तर हिरवागार, हिरवाकंच, हिरवागर्द. कथेत यांची अदलाबदल चालत नाही. परकर पोपटी म्हटला की नेसणारीचे वय कळते. शालू हिरवागर्द म्हटला की मांडव दिसू लागतो. आणि वाड्याच्या भिंतीवर शेवाळी ओल उतरली म्हटले की घराण्याची उतरती कळा वेगळी सांगावी लागत नाही. कापडाच्या दुकानात ग्राहकाने नुसते ‘हिरवे दाखवा’ म्हटले तर जाणता दुकानदार आधी विचारतो, ‘कुणासाठी?’ कथाकारही मनाशी हाच प्रश्न विचारून छटा निवडतो.

घर आणि वस्त्र यांची गाठ हिरव्याने कशी घातली जाते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीत आहे. युद्धात सर्वस्व गमावलेली नायिका स्कार्लेट कराची रक्कम उभी करण्यासाठी उसने मागायला निघते. अंगावर धड कपडा नाही. ती आईच्या दिवाणखान्यातले शेवाळी हिरवे मखमली पडदे उतरवते आणि त्यांचा झगा शिवून घेते. व्यापारी घरांतील वाचकांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पत टिकवायची तर दारिद्र्य अंगावर दिसता कामा नये, हे ती जाणते. परंतु तिचे कष्टाने खरबरीत झालेले तळहात सत्य सांगून टाकतात. पडद्यांनी अंग झाकले, हात झाकले नाहीत.

विषारी हिरवा

निळीवर हळदीचा हात देण्याची ही खटपट युरोपातही वेगळ्या वनस्पतींनी चालत असे. तिथे १७७५ साली स्वीडनमधील रसायनतज्ज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी तांबे आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांच्या संयोगातून एक झळझळीत हिरवा रंग तयार केला. पुढे त्याहून तेजस्वी असा पाचूसारखा हिरवा आला, तोही सोमलाचाच. एकोणिसाव्या शतकात हा रंग भिंतींवरच्या कागदांत, झग्यांत, टोप्यांवरच्या कृत्रिम फुलापानांत सर्वत्र शिरला. कथांतल्या श्रीमंत दिवाणखान्यांना जी हिरवी झळाळी असे, तिच्यामागे अनेकदा हे विष होते. १८६१ साली लंडनमध्ये माटिल्डा श्यूरर ही १९ वर्षांची मुलगी मरण पावली. कृत्रिम पानांवर हिरवी भुकटी भुरभुरवणे हे तिचे काम होते. तिच्या मृत्यूनंतर या रंगाविरुद्ध आवाज उठू लागला.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, तसेच लाक्षावाणिज्यही आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात लाखेबरोबर मनःशिळ, धायटी, टाकणखार यांचा आणि निळीचाही समावेश लाक्षावाणिज्यात केला. वस्तू दिसायला सुंदर असली तरी ती बनताना कोणते जीव भरडले जातात, हे पाहण्याची ही दृष्टी होती. उत्तर बिहारातील निळीच्या शेतीने तिथल्या कुळांची जी दशा केली आणि ज्यासाठी १९१७ साली गांधीजींना चंपारणला जावे लागले, ती आठवली म्हणजे आचार्यांची ही सावधगिरी किती दूरवरची होती, ते पटते. १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि नैसर्गिक निळीचे दिवस हळूहळू संपले. आज दुकानातल्या हिरव्या साडीत ना नीळ असते, ना हळद. परंतु ‘हा रंग कुणाच्या जिवावर आला?’ हा प्रश्न जुना झालेला नाही.

आपल्या घरांत हिरव्याशी असलेले नाते मुळातच दुहेरी आहे. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात लीलोतरी वर्ज्य असते. ताटात त्या दिवशी हिरवे पान येत नाही. ओली हळद कंद म्हणून निषिद्ध, वाळलेली हळद मात्र स्वयंपाकात चालते. साधु-साध्वी हिरवळीवर पाऊल ठेवीत नाहीत. धरणीच्या हिरव्या चोळीचे कौतुक करणारी परंपराच ती चोळी पायदळी तुडवू नका, असे सांगते. एकात सौंदर्याची ओढ आहे, दुसऱ्यात जीवदयेचे भान.

जिच्या हातून हिरवे काढून घेतले

मराठी कथेत हिरव्याचे सर्वांत तीव्र दर्शन घडते ते त्याच्या अभावातून. पती गेला की हिरवा चुडा फुटतो. त्यानंतर हिरवे लुगडे नाही, हळद नाही, कुंकू नाही. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आलेल्या कादंबरीतील यमुनेच्या नशिबी केशवपनाचा छळ येतो. अशा कथांत विधवेच्या अंगावर लाल आलवण येते आणि ती माजघराच्या काळोख्या कोपऱ्यात सरते. रंगांची ही बंदी किती जवळजवळच्या वस्तूंवर पडते, हे हळदीच्या गावाला तरी कळावे. जुने कुंकू हळदीवरच चुन्याचे किंवा टाकणखाराचे संस्कार करून बनत असे. जुने हिरवे लुगडे हळदीनेच हिरवे होत असे. पिवळी, तांबडी आणि हिरवी, हळदीचीच ही तीन रूपे. तिन्ही एका दिवसात एका स्त्रीकडून काढून घेतली जात.

हे केवळ कथेत राहिलेले नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने हा आदर्श इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. शिरोळ हा जैन वस्तीचा तालुका. एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटल्यावर असा ठराव करावा लागला, यात समाधान आहे, तसे वैषम्यही आहे.

ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिला जातो. त्याची खरी कसोटी मात्र घरातल्या डोहाळजेवणात लागते. झोपाळा फुलांनी सजतो, सून हिरवी साडी नेसून बसते, सुवासिनी ओटी भरायला पुढे येतात. आणि जिने या मुलाच्या बापाला वाढवले, पती गेल्यावर दुकानाची वही सांभाळली, उधारी वसूल केली, कर्ज फेडले, ती आजेसासू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. तिला कुणी ‘येऊ नका’ म्हणत नाही. ‘या’ असेही कुणी म्हणत नाही.

मेघकुमाराची कथा इथे पुन्हा आठवावी. मोठेपणी तो दीक्षा घेतो. पहिल्याच रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंच्या पायांचा उपद्रव होऊन त्याचे मन डळमळते. तेव्हा भगवान महावीर त्याला पूर्वजन्म सांगतात. तो हत्ती होता. वणव्यापासून रक्षण व्हावे म्हणून त्याने गवत-झुडपे उपटून एक मोकळे मंडल तयार केले होते. वणवा पेटला तेव्हा सारे प्राणी तिथे दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी त्याने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागी एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला असता तर ससा चिरडला असता. हत्तीने अडीच दिवस पाय उचललेलाच ठेवला. वणवा शमला, प्राणी गेले, ससा गेला, आणि आखडलेला पाय टेकवताना तो हत्ती कोसळला. त्या करुणेचे फळ म्हणून तो धारिणीच्या पोटी आला. जिला धरणीची हिरवी चोळी पाहण्याचा डोहाळा लागला, तिच्या गर्भात असा जीव होता, ज्याने दुसऱ्यासाठी पावलाएवढी जागा सोडली होती.

आपल्या घरच्या समारंभात पावलाएवढी जागा सोडणे अवघड नाही. हत्तीसारखे अडीच दिवस तिष्ठायचेही नाही. ओटीचे तबक आधी त्या आजेसासूच्या हाती द्यावे. बांगड्या भरायला कासार घरी आला असेल तर तिचाही हात पुढे करावा. तिला नको असतील तर तिची इच्छा, पण विचारावे जरूर. साडीच्या दुकानात सुनेसाठी हिरवी निवडताना एक तिच्यासाठीही निवडावी, पोपटी नको तर शेवाळी, शेवाळी नको तर मोरपंखी. हिरवा हा उपाध्यायांचा रंग आहे. त्याच्याकडून एवढे शिकता आले तरी पुष्कळ झाले.